खगोल कॅमेऱ्यासोबत चुकीची केबल आणि सदोष ड्रायव्हर दिल्याबद्दल तक्रार

दिनांक: 19 जानेवारी 2026

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेकडे 6 इंची परावर्ती दुर्बीण आहे. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तिच्यासाठी आपल्या कंपनीचा ग्रहांच्या चित्रणाचा रंगीत कॅमेरा घेऊन दिला. 20 डिसेंबरला तो शाळेत पोचला. 10 जानेवारीला गुरूची प्रतियुती होती, म्हणजे पृथ्वीवरून पाहता गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता. 1610 साली याच तारखेला गॅलिलिओला गुरूजवळच्या ठिपक्यांपैकी (म्हणजे गुरूच्या चंद्रांपैकी) एक दिसेनासा झालेला आढळला आणि तो गुरूमागे गेला असावा हे त्याने ओळखले. योग जुळून आला म्हणून नववीच्या मुलांनी महिनाभर तयारी केली होती.

खोक्यात छापील पुस्तिका नव्हती, फक्त क्यूआर कोड होता. तो स्कॅन केल्यावर उघडणारे पान रिकामे. ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला कॅमेऱ्याची ओळख करून देणारे सॉफ्टवेअर, नसल्याने लॅपटॉप या कॅमेऱ्याला साधा वेबकॅम समजत होता. शार्पकॅप या चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये गेन (चित्राची उजळणी वाढवण्याची सोय) आणि एक्स्पोजरला हातच लावता येत नव्हता. 22 डिसेंबरला मी आपल्याला ईमेल केली. ड्रायव्हरची लिंक आली 29 डिसेंबरला. सणासुदीचे दिवस म्हणून तेवढा उशीर मी समजून घेतला. पुढे जे झाले ते मात्र समजून घेण्यासारखे नाही.

ड्रायव्हर बसला, कॅमेरा आपल्या नावाने दिसू लागला, पण पूर्ण चौकटीत वेग सेकंदाला 18 फ्रेमच्या वर जाईना. आपल्या जाहिरातीत 1936 बाय 1096 पिक्सेलला सेकंदाला 130 फ्रेमच्या वर असे लिहिले आहे. त्यातला सोनीचा आयएमएक्स 462 सेन्सर तेवढा वेग देऊ शकतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी केबल काढून पाहिली. कॅमेऱ्याची मागची खाच दुमजली आहे, म्हणजे यूएसबी 3 ची. केबलचे टोक एकमजली, प्रिंटरला लावतात तसले. दुसऱ्या टोकाच्या आत पांढरे प्लास्टिक आणि चारच पट्ट्या; यूएसबी 3 ला नऊ लागतात. एक पूर्ण फ्रेम सुमारे 2 मेगाबाइटची असते आणि या जुन्या केबलमधून सेकंदाला जेमतेम 40 मेगाबाइट जातात. 18 फ्रेमचा हिशेब इथेच लागतो. खोक्यावर मात्र 'यूएसबी 3 केबलसह' असे ठळक छापले आहे.

3 जानेवारीला केबलचे फोटो पाठवून मी हे कळवले. उत्तर आले की दोष तुमच्या लॅपटॉपच्या पोर्टमध्ये आहे, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. त्याच पोर्टवर शाळेची हार्ड डिस्क पूर्ण वेगाने चालते, हेही मी कळवले होते. फोटो उघडून तरी पाहिले का, असा प्रश्न मला तेव्हाही पडला आणि आजही आहे.

प्रतियुतीच्या रात्री आकाश स्वच्छ होते. गुरू चांगला वर आला होता, हवाही स्थिर होती. मैदानावर 40 मुले आणि त्यांचे पालक शाली पांघरून बसले होते. पडद्यावर गुरू आला तो निळसर. तांबूस पट्टे जिथे दिसायचे तिथे निळे पट्टे! आपला ड्रायव्हर सेन्सरवरच्या रंगगाळण्यांचा क्रम सॉफ्टवेअरला उलटा सांगतो, त्यामुळे लाल आणि निळ्याची अदलाबदल होते, हे मला चार दिवसांनी एका अनुभवी मित्राने दाखवून दिले. क्रम हाताने बदलल्यावर रंग सुधारले. पण त्या रात्री एका मुलीने विचारले, "बाई, पुस्तकातला रंग खोटा आहे का?" आणि मला तिला खात्रीचे उत्तर देता आले नाही.

वेगासाठी चौकट 640 बाय 480 केली की सॉफ्टवेअर गोठायचे आणि कॅमेरा काढून पुन्हा लावावा लागायचा. असे सहा वेळा झाले. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब चित्रण केले तर बारकावे फरफटतात. तेवढ्या वेळात हजारो फ्रेम घ्यायच्या आणि त्यातल्या स्पष्ट तेवढ्या निवडून एकावर एक रचायच्या, ही या कामाची रीत. दीड मिनिटात जिथे दहा हजारांच्या वर फ्रेम मिळायला हव्या होत्या, तिथे आमच्या हाती सोळाशे लागल्या. त्यातून आलेल्या चित्रात पट्टे आहेत, पण गुरूवरचा प्रसिद्ध मोठा तांबडा डाग होता की नाही हे कुणालाही सांगता येणार नाही. पुढची प्रतियुती फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. ही मुले तेव्हा दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर असतील.

नंतर मी पुण्याहून 450 रुपयांची केबल मागवली. ती लावताच वेग 125 फ्रेमवर गेला. माझ्या लॅपटॉपचा पोर्ट तोच आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे. रंगांचा क्रम आणि चौकट लहान केल्यावर गोठण्याचा दोष दूर केलेला ड्रायव्हर 31 जानेवारीपर्यंत द्यावा, क्यूआर कोडवरचे पान सुरू करावे आणि केबलचे 450 रुपये परत करावेत. ड्रायव्हर दुरुस्त करणे शक्य नसेल तर कॅमेरा परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. परतीची मुदत संपली हे कारण मला मान्य नाही, कारण ती आपल्या उत्तरांची वाट पाहण्यातच संपली. याच तुकडीतल्या इतर गिऱ्हाइकांनाही चुकीची केबल गेली असेल, त्यांना आपण स्वतःहून कळवावे अशी कळकळीची विनंती आहे.

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

गुरू यंदा फेब्रुवारी-मार्चमध्येही संध्याकाळी उंचावर असेल. ड्रायव्हर वेळेत मिळाला तर त्याच मुलांना मी पुन्हा मैदानावर बोलावणार आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
जि. सातारा

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही केबलच्या टोकांचे फोटो, 22 डिसेंबरपासूनचा ईमेल पत्रव्यवहार, 10 जानेवारीच्या चित्रणाची मूळ फाइल