जिल्ह्यासाठी एक पट्टा राखा : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
शास्त्री भवन, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मोबाइलवर इंटरनेटशिवाय थेट प्रक्षेपणासाठी ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झ हा लहरींचा भाग राखून ठेवण्याचा विचार आपल्या खात्याने बोलून दाखवला आहे. हे ११२ मेगाहर्ट्झ म्हणजे ८ मेगाहर्ट्झच्या हिशेबाने १४ पट्टे, म्हणजेच चॅनेल. त्यातला एक पट्टा प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक, कमी शक्तीच्या दूरचित्रवाणीसाठी ठेवावा, एवढेच आमचे मागणे. नियमांचा मसुदा लिहिण्याआधी अमेरिकेतल्या स्पॅनिश भाषेच्या छोट्या केंद्रांचे काय झाले ते मात्र जरूर पाहावे. त्यात आपल्यासाठी नमुना आहे आणि एक ढळढळीत चूकही.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात राऊल कोर्तेझ यांनी १९५५ साली केसीओआर हे केंद्र सुरू केले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे हे पहिले स्पॅनिश दूरचित्रवाणी केंद्र. ते कमी शक्तीच्या वर्गातले नव्हते, पण त्याचे दुखणे पुढच्या सगळ्या छोट्या केंद्रांनी भोगले. त्याला मिळाला यूएचएफ या वरच्या वारंवारतेच्या लहरींमधला चॅनेल ४१, आणि तेव्हाच्या बहुतेक संचांना यूएचएफ लागतच नसे. वेगळा कन्व्हर्टर विकत घ्यावा लागे. प्रेक्षक आहे, कार्यक्रम आहे, संच नाही. सहा वर्षांत केंद्र विकले गेले. प्रत्येक नव्या संचात यूएचएफ असलेच पाहिजे, असा कायदा १९६२ साली झाला आणि १९६४ पासून लागू झाला, तेव्हा ही अडचण हळूहळू सुटली. मोबाइलमध्ये प्रक्षेपणाची चिप बसवायची की नाही हा निर्णय आज कंपन्यांच्या मर्जीवर सोडला, तर आपल्याकडेही हेच होईल.

कमी शक्तीच्या दूरचित्रवाणीचा स्वतंत्र वर्ग तिथल्या संदेशवहन आयोगाने, म्हणजे एफसीसीने, १९८२ साली काढला. अर्जांचा असा ढीग पडला की शेवटी सोडत काढून परवाने वाटावे लागले. या केंद्रांची नावेही कारकुनी : के किंवा डब्ल्यू, मग चॅनेलचा आकडा, मग दोन अक्षरे. मोठ्या केंद्राचा परवाना मिळणे अशक्य किंवा न परवडणारे होते, अशा कित्येक शहरांत स्पॅनिश दूरचित्रवाणीची जाळी या छोट्या केंद्रांच्या आधाराने पोहोचली. सॅन डिएगोसारख्या सीमेवरच्या शहरातही युनिव्हिजन हे स्पॅनिश जाळे दिसते ते केबीएनटी या कमी शक्तीच्या केंद्रावरून.

आता चूक. या केंद्रांना दर्जा दिला तो ‘दुय्यम’. मोठ्या केंद्राचा त्रास झाला तर सोसायचा, आपला त्रास त्याला होऊ द्यायचा नाही, आणि त्याला जागा हवी झाली की उठायचे. दुसऱ्याच्या ओसरीवरचा संसार तो. २०१६-१७ च्या लिलावात चॅनेल ३८ ते ५१ हा ८४ मेगाहर्ट्झचा भाग दूरचित्रवाणीकडून निघाला आणि त्यातला ७० मेगाहर्ट्झ मोबाइल कंपन्यांकडे गेला. लहरी सोडणाऱ्या १७५ केंद्रांना मिळून १० अब्ज डॉलरहून अधिक मोबदला मिळाला; दुय्यम केंद्रांना त्या लिलावात बसताच आले नाही. मोबाइल कंपनीची नोटीस आली की १२० दिवसांत चॅनेल रिकामा. नुकसानभरपाईचा कायदा २०१८ साली आला.

चॅनेल बदलणे म्हणजे बटण फिरवणे नव्हे. स्लॉट अँटेना त्या त्या चॅनेलच्या लहरलांबीनुसार कापलेला असतो, तो बदलावा लागतो. शेजारच्या चॅनेलवरची गळती अडवणारा मास्क फिल्टर नव्याने जुळवावा किंवा नवा घ्यावा लागतो. मनोऱ्यावर चढणारी माणसे त्या काळात सगळ्यांनाच हवी असतात. एवढे करून घरोघरी संचावर चॅनेल पुन्हा शोधावे लागतात; ज्यांनी शोधले नाहीत त्यांच्या लेखी केंद्र बंद पडले.

यातून वाचली ती ‘अ’ वर्गातली केंद्रे. १९९९ च्या कायद्याने दिवसाला किमान १८ तास प्रक्षेपण आणि आठवड्याला सरासरी ३ तास स्थानिक निर्मिती करणाऱ्यांना हे संरक्षण मिळवण्याची एकदाच संधी दिली. २०२३ च्या कायद्याने ती पुन्हा दिली, पण ९५ हजारांहून जास्त टीव्ही-घरे नसलेल्या बाजारपेठांपुरतीच. म्हणजे लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, डॅलस ही स्पॅनिश प्रेक्षकांची मोठी शहरे बाहेरच.

आपल्याला हा विषय नवा नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी १९७५ पासून एक किलोवॅटचा प्रक्षेपक खेड्यांसाठी स्थानिक बोलीत कार्यक्रम दाखवत होता. १९८४ साली त्या प्रयोगाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला आणि १९८५ साली, लोकांचा विरोध असताना, पीजचा प्रक्षेपक बंद झाला. त्याच सुमारास देशभर उभी राहिलेली दूरदर्शनची १०० वॅटची लघुशक्ती केंद्रे दिल्लीचा कार्यक्रम जसाच्या तसा पुढे पाठवण्यापलीकडे फारसे काही करत नव्हती. मार्च २०२२ पर्यंत मोजकी सोडून तीही थांबली. जिथे मनोरा, खोली आणि वीजजोडणी अजून शाबूत आहे, तिथे निम्मे काम आधीच झालेले आहे.

एका जिल्ह्याचा हिशेब मांडतो. प्रक्षेपक एक किलोवॅटचा, केबलमध्ये १ डेसिबलची घट, अँटेनाची वाढ १२ डेसिबल. निव्वळ ११ डेसिबल, म्हणजे परिणामी शक्ती, अँटेनाने एकवटल्यावर बाहेर पडणारी, साडेबारा किलोवॅट. अमेरिकेत छोट्या डिजिटल यूएचएफ केंद्राची कमाल मर्यादा १५ किलोवॅट आहे. अँटेना भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर उंच टेकडीवर आणि घरचा अँटेना ९ मीटरवर धरला तर रेडिओ क्षितिज, म्हणजे लहरी सरळ पोहोचण्याची हद्द, सुमारे ५३ किलोमीटर. सामुदायिक रेडिओसारखी ३० मीटरची मर्यादा घातली तर ३५. म्हणून मर्यादा घालायचीच तर परिणामी शक्तीवर घाला, उंचीवर नको. उंची फुकट असते, वीज नसते.

सह्याद्रीत डोंगराआडची गावे तरीही सुटतील, कारण यूएचएफ लहरी फारशा वळत नाहीत. तिथे त्याच चॅनेलवर १० वॅटचे भरणा-प्रक्षेपक, म्हणजे सुटलेली जागा भरून काढणारे छोटे प्रक्षेपक, बसवता येतात, पण सगळ्यांची घड्याळे जीपीएसवर जुळलेली हवीत. एका ठिकाणचा जीपीएस अँटेना बिघडला की दोन्ही प्रक्षेपक चालू दिसतात आणि मधल्या पट्ट्यातल्या गावांत चित्र गोठते. ॲनालॉगमध्ये मुंग्या यायच्या, माणूस अँटेना फिरवायचा. डिजिटलमध्ये चित्र असते किंवा नसते.

कोकणात खरा शत्रू पाणी. मनोऱ्यावरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले की शक्ती उलटी परतते, प्रक्षेपक स्वतःला वाचवायला आपली शक्ती उतरवतो, आणि नवखा चालक ती पुन्हा चढवतो. ॲम्प्लिफायर जळतो तो इथे. कनेक्टरवर आधी आपोआप एकजीव होणारी रबरी टेप, तिच्यावर उन्हाला टिकणारी टेप. केबल खोलीत शिरण्याआधी खाली झोळ, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. आणि केबलचे अर्थिंग वर, पायथ्याशी आणि खोलीच्या तोंडाशी असे तिन्हीकडे. परवान्यासोबत हे शिकवणारा पंधरा दिवसांचा वर्गही द्या.

डिजिटल पट्ट्यात दर सेकंदाला साधारण २० मेगाबिट भक्कमपणे पाठवता येतात. साध्या दर्जाच्या वाहिनीला दोन पुरतात. म्हणजे एका प्रक्षेपकावर आठ-दहा वाहिन्या. नंदुरबारात भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया यांना वेगळा मनोरा नको. एकाच मनोऱ्यावर वेगळी वाहिनी पुरे. बेळगाव आणि सुरतेतल्या मराठी घरांनाही तेच लागू आहे. सह्याद्री वाहिनी एकटी हे करू शकत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

बातम्यांबद्दल स्पष्ट बोलतो. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, वाहतूक, नागरी सुविधा चालतात. धरणातून पाणी सोडले हे सांगता येते, ते वेळेवर का सोडले नाही हे विचारले की बातमी होते. अमेरिकेतल्या स्पॅनिश केंद्रांना प्रेक्षक मिळाला तो मालिकांइतकाच स्थानिक बातम्यांमुळे. ही बंदी नव्या परवान्यात उतरवू नका.

मसुद्यात इतके यावे : ठरलेल्या परिघात या केंद्राला प्राथमिक दर्जा, चॅनेल बदलायला लावल्यास अँटेना, फिल्टर आणि चढाईचा खर्च नव्या वापरकर्त्याकडून, आणि तोही स्थलांतराच्या आधी, वाटप सोडतीने किंवा लिलावाने नव्हे, तर स्थानिक निर्मितीच्या तासांवर, आणि प्रक्षेपकाची मालकी एका संस्थेची, वाहिन्या अनेकांच्या. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सांगितले आहे. १४ पट्ट्यांचे वाटप राजपत्रात येण्याआधी जिल्ह्याचा पट्टा त्यात लिहिलेला असावा. नंतर मागितला तर तो दुय्यमच मिळेल.

आपले,
दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या क्षेत्रातले काही अभियंते व तंत्रज्ञ