बाबा, डोकी तपकिरी झाली!

दापोली,
शिमग्यानंतरचा रविवार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी तुमचं भांडण मिटवते. जानेवारीत हर्णैच्या बंदरावर तुम्ही तासभर कुरकुरत होता, की पक्ष्यांच्या पुस्तकात 'तपकिरी डोक्याचा कुरव' लिहिलंय आणि इथे एकाचंही डोकं तपकिरी नाही. डोळ्यामागे शाईचं बोट पुसावं तेवढा डाग काय तो. काल संध्याकाळी लिलावाच्या वेळी मुद्दाम गेले. निम्म्या कुरवांनी चॉकलेटी टोप्या घातल्यात! काहींची अजून अर्धवट आहे, केस रंगवता रंगवता मध्येच उठून आल्यासारखी. लडाख-तिबेटच्या तळ्यांवर जाऊन अंडी घालायची, म्हणून निघायच्या आधी इथेच नटून घेतात. तेव्हा पुस्तक बरोबर होतं, आपणच दोन महिने लवकर गेलो होतो.

आज पहाटे आंजर्ल्याला गेले. तुम्हाला आणायचंच आहे, म्हणून बाबांच्या गुडघ्याच्या हिशेबाने सगळी वाट चालून पाहिली. किनाऱ्यावर कोरड्या रेतीत पाय रुततो, दमायला होतं. पण ओहोटीला पाण्याजवळची रेती अंगणासारखी घट्ट असते, तिथून बाबा आरामात चालतील. खेकड्यांच्या बिळांभोवती बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली असते. आई, तुला त्यावर पाय द्यायला जिवावर येईल, पण इलाज नाही. पुढे चिखल्यांचा थवा होता. चार पावलं तुरुतुरु, मग एकदम स्तब्ध, मग वाळूत एक टोच. थंडीभर मातकट दिसणाऱ्या या पाखरांच्या छातीवर आता विटकरी रंग चढलाय.

कासवांची पिल्लं सकाळी सातच्या सुमारास सोडतात. कुंपणात घरटी असतात आणि प्रत्येकावर टोपली पालथी घातलेली. कासवमित्र दादांनी एक उचलली तर खाली नुसती वळवळ! कोल्ह्या-कुत्र्यांनी अंडी उकरू नयेत म्हणून मादी गेल्यावर ती काढून इथे पुरतात आणि मग पन्नासेक दिवस वाट पाहतात. पिल्लं थेट पाण्यात सोडत नाहीत. काही हात अलीकडे ठेवतात, पुढचं अंतर त्यांचं त्यांनीच तोडायचं. माझ्यासमोरचं एक पिल्लू, आईच्या मसाल्याच्या डब्यातल्या वाटीत मावेल एवढं, वल्ही मारत निघालं. लाटेने उचलून परत उताणं टाकलं. माझा हात पुढे गेलाच होता, पण दादांनी नुसती मान हलवली. ते धडपडून सुलटं झालं, पुन्हा निघालं आणि तिसऱ्या लाटेला दिसेनासं झालं. चाळीसेक माणसं होती, तरी एक शब्द नाही. आपल्याकडे एवढी शांतता आरतीलासुद्धा नसते.

यांचा पुढचा प्रवास ऐकून थक्क झाले. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे पूर्वेचा समुद्र सोडून सगळा भारत वळसा घालून इकडे. आणि बाबा, तुम्हाला साताऱ्याहून दापोली लांब वाटते.

कड्यावरच्या गणपतीची पाखाडी मात्र तुम्हाला बाद. जांभ्याच्या पायऱ्या, एक वीतभर तर पुढची गुडघाभर. गाडी थेट देवळापर्यंत जाते, तिने जायचं. मी पाखाडीने गेले ते आईसाठी एवढंच सांगायला, की सुरंगी फुललीय. झाड दिसायच्या आधी वास येतो. एका आजींनी ओंजळभर फुलं दिली, त्यातली दोन या पत्रात घातली आहेत. वास उरेल असं वाटत नाही, तरी हुंगून बघ.

देवळाबाहेर सुवर्णदुर्गाकडे बघत बसले होते. तांबट पक्षी एकसुरी ठोकत होता. तेवढ्यात समुद्रावरून पांढऱ्या पोटाचा गरुड आला, पायात काहीतरी लोंबत होतं. दुर्बीण लावली तर साप, समुद्रातला. खाली वाडीतल्या उंच आंब्यावर त्यांचं घरटं आहे म्हणे, झाडाखाली सापाच्या मणक्यांचा सडा पडतो. वाडीतले लोक ते झाड तोडत नाहीत, पण त्याखाली वाळवणही घालत नाहीत.

रामनवमीच्या आत या. नंतर उकाडा वाढेल आणि कुरवही निघून जातील. साताऱ्याहून पहाटेची एसटी धरा, पुढचं मी बघते. आई, मेतकूट आण, इथे तुझ्यासारखं मिळत नाही. आणि बाबा, दुर्बीण मी पोस्टाने पाठवणार नाही. तिचं उजवीकडचं चाक खाऱ्या हवेने घट्ट झालंय, ते तुमच्याशिवाय कुणाकडून फिरत नाही.

तुमची,
मनू