बदलण्याआधी मोज

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

अर्धा तास गाडी चालवूनही टेम्परेचरचा काटा वर येत नाही, सिग्नलला पेट्रोलचा वास येतो, असं तू काल म्हणालीस. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच टेम्परेचरचा सेन्सर बदलायला सांगितला. बदलू, पण आधी मोजू.

हा सेन्सर कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान मोजतो. तो थंड असताना त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) जास्त असतो, तापला की उतरतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तुझ्या गाडीचे नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघ. सकाळी इंजिन गार असताना सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढ आणि सेन्सरच्या दोन्ही पिनांवर मल्टिमीटर लाव. आकडा लिहून ठेव. कपलर बसवून दहा मिनिटं इंजिन चालू ठेव, मग चावी काढून पुन्हा मोज. पंख्यापासून हात लांब, तो कधीही फिरू शकतो.

आकडा नीट उतरला तर सेन्सर चांगला आहे. मग कपलरच्या आत बघ. तू दहावीत असताना आपल्या जुन्या गाडीचा सेन्सर मी न मोजता बदलला होता. दोष होता पिनेवरच्या हिरव्या गंजात. गंजाने रेझिस्टन्स वाढला, गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन थंडच वाटत राहिलं, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत होता. आणि त्यामुळेच खंबाटकी घाटात पंखा लागलाच नाही. बॉनेटमधून वाफ येत होती आणि मागच्या सीटवर तू झोपली होतीस. ते मी विसरलेलो नाही.

आकडा हललाच नाही तर मात्र नवा घाल. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं कुलंट दाबाखाली असतं, उसळून अंगावर येतं. नवा सेन्सर वॉशरसकट हाताशी ठेव. जुना निघाला की लगेच तो लाव, म्हणजे कुलंट फार सांडणार नाही. आटे आधी हाताने बसव, पान्याने शेवटचंच आवळ. सेन्सर बसतो ते घर ॲल्युमिनियमचं असतं, जोर केलास तर आटे जातील. (काही गाड्यांत आट्यांऐवजी क्लिप असते.) कमी झालेलं कुलंट त्याच प्रकारचं भर, नळाचं पाणी नको. आत हवा अडकली तर नवा सेन्सरही चुकीचं सांगेल, म्हणून हवा काढून घे.

दोन्ही आकडे मला कळव. तोवर घाटात गाडी नेऊ नकोस. शनिवारी पहाटेच्या एसटीने मी येतो, पाना तूच धर.

तुझे,
बाबा