स्पाइक्स, ब्लॉक आणि गाडीभाडं : आपल्या धावपटू मुलींसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

1952 साली वांद्र्याच्या धावपटू मेरी डिसूझा यांची हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड झाली. आदल्या वर्षी दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी 200 मीटरमध्ये कांस्य आणि रिलेमध्ये रौप्य पटकावलं होतं. निवड झाली खरी, पण जायला पैसे नव्हते. मग मित्रमंडळी आणि हितचिंतक पुढे आले. त्यांनी व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळाचे डाव मांडले, नाचाचा कार्यक्रम ठेवला आणि निधी उभा केला. स्वतंत्र भारताकडून ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या चार महिलांमध्ये मेरीताई होत्या. त्याच ऑलिंपिकसाठी कुस्तीगीर खाशाबा जाधवांच्या खर्चापायी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवलं होतं.

खाशाबा पदक घेऊन परतले. मेरीताई मात्र 100 आणि 200 मीटर या दोन्ही शर्यतींत पहिल्याच फेरीत बाद झाल्या. हे मुद्दाम सांगतो आहोत, कारण देणगी मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘पदक येणार का?’ याच मेरीताई दोन वर्षांनी मनिलाच्या आशियाई स्पर्धेत रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या चौघींमध्ये होत्या. त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो थेट 2013 साली.

आता आपल्या मुलींविषयी. मंडळात आठ मुली 100 आणि 200 मीटर धावतात. पहाटे साडेपाचला मैदानात असतात. स्पाइक्सच्या, म्हणजे तळाला खिळे असलेल्या धावण्याच्या बुटांच्या, जोड्या तीनच. सगळ्यात लहान मुलगी पुढे कापूस कोंबून मोठीचे स्पाइक्स घालते, आणि तिची शर्यत संपली की तेच बूट लगेच दुसरीच्या पायात जातात. स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे पाय टेकवून शर्यतीची सुरुवात करायचा आधार, एकच आहे, त्याचा खिळा मातीत धरत नाही. म्हणून एक जण मागे बसून तो दोन्ही पायांनी दाबून धरते, तेव्हा कुठे दुसरीला स्टार्ट घेता येतो. स्पर्धेत सिंथेटिक ट्रॅकवर पक्का ब्लॉक मिळाला की या मुली बिचकतात. सवयच नाही!

गेल्या वर्षी राज्य स्पर्धेच्या वेळी आमच्याकडून तिकिटांचे पैसे वेळेत जमले नाहीत. आरक्षण मिळालं नाही. मुलगी रात्रभर डब्यात दाराजवळ बसून गेली आणि सकाळी हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, धावली. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून आत्तापासूनच हात पसरतो आहोत.

स्पाइक्सच्या पाच जोड्या आणि दोन ब्लॉक आधी घ्यायचे आहेत. त्यानंतर स्पर्धेचं जाण्यायेण्याचं भाडं, राहण्याची सोय, आणि सरावानंतर रोज दूध आणि अंडी. पन्नास रुपयेही चालतील. कुणाच्या घरी चार ते सहा नंबरचे वापरलेले स्पाइक्स पडून असतील तर तेही द्या, झिजलेले खिळे आम्ही बदलून घेऊ.

मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी सहा ते आठ कुणी ना कुणी असतं. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला फलकावर लागेल. रक्कम अमुकच गोष्टीसाठी वापरावी असं वाटत असेल तर पाकिटावर तसं लिहा. पैसे द्यायला जमत नसेल, तर एखाद्या पहाटे या आणि तो ब्लॉक थोडा वेळ धरा, म्हणजे आठही मुलींना स्टार्टचा सराव मिळेल.

आपलं,
मंडळाचे कार्यकर्ते