आईची नळी आणि आमचा सायप्रस

प्लेनो, टेक्सास
ऑगस्ट

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीतल्या पत्राला आता उत्तर लिहितो आहे, तेव्हा तुझ्या शिव्या पोचल्या असे समज. आम्ही सर्व ठीक. माझी साखर आटोक्यात आहे.

पत्राचे कारण आई. ती मार्चपासून इथे आहे आणि रोज संध्याकाळी कुंपणाजवळच्या अ‍ॅरिझोना सायप्रसला नळीने पाणी घालते. फोटोत पाहिलेस तेच झाड, निळसर राखी रंगाचे, खवल्यांसारख्या बारीक पानांचे. मूळचे ते अ‍ॅरिझोनाचे, न्यू मेक्सिकोचे आणि आमच्या राज्यातल्या चिसोस डोंगरांचे. कोवळेपणी त्याला खोलवर मुरेल असे पाणी द्यावे लागते; पण एकदा रुजले की कडक उन्हाळ्यात अधूनमधून दिलेले एखादे पाणी पुरते. त्यात इथली जमीन आपल्या रेगडीसारखी, वाळली की भेगाळणारी आणि भिजली की निचरा न होणारी. तिच्यात रोज पाणी मुरवले तर मुळे गुदमरतात आणि वरवरच राहतात, मग वादळात झाड कलंडायला वेळ लागत नाही.

तेवढ्यावर भागत नाही. धूळ बसली म्हणून आई पानांवरही फवारा मारते. मध्यंतरी पश्चिमेची एक फांदी तांबूस दिसली. आतली जुनी पाने वाळतात त्याचे काही वाटत नाही, पण ही शेंड्यापर्यंत गेली होती आणि तिच्या बेचक्यात साल खचून राळेचे ओघळ आले होते. हा सेरिडियम बुरशीचा रोग. पाण्याच्या उडत्या थेंबांबरोबर तो खालच्या फांद्यांवर उतरतो आणि त्यावर भरवशाचे औषध नाही. निरोगी लाकडापर्यंत फांदी कापायची आणि दर कापानंतर कात्री स्पिरिटने पुसायची, इतकेच हाती असते. मी कापली, पण हिरवे न उरलेल्या जुन्या लाकडाला पुन्हा फूट येत नाही, त्यामुळे रस्त्याकडून भगदाड कायमचे दिसणार.

तू हसशील. पाणी बंद ठेवून डाळिंबाला दिलेला ताण कधी तोडावा यावरून वसतिगृहात आपण अबोला धरला होता, तेव्हा ‘पाण्याने मेलेले झाड दाखव’ असे तूच म्हणाला होतास. ये, लवकरच दाखवतो.

पण आईला सांगू कसे? बहात्तरच्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून रात्री विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने हंडा भरणाऱ्या बाईच्या हातात नळी आली की तिचा चेहरा कसा होतो, हे तुला सांगायला नको. या झाडाला पाणी कमी लागते, असे मी म्हणून पाहिले, तर म्हणाली, “ते मागत नाही म्हणून आपण द्यायचं नाही का?” हिच्या मते झाड गेले तर दुसरे आणता येईल, सासूबाईंना दुखवू नये.

तुझे ती ऐकते. मी तुझ्याच वर्गात शिकलो, तरी तिच्या लेखी शेतीतले कळते ते तुलाच. रविवारी रात्री 8 वाजता फोन कर, इथे तेव्हा सकाळचे 9:30 होतात. रोगाचे मात्र बोलू नकोस, ती स्वतःला दोष देत बसेल. मी मिरचीचा वाफा करून ठेवला आहे. नळी तिकडे वळव, एवढेच सांग.

डाळिंबावर तेल्या रोग यंदा कितपत आहे? वहिनींचा गुडघा आणि सोनूचा निकाल कळव.

तुझा,
अरविंद