कोरोनाडोच्या किनाऱ्यावर भेटलेल्या अनोळखी मंडळींचे मनःपूर्वक आभार

गेल्या शनिवारी दुपारी मी आईला घेऊन सॅन दिएगोजवळील हॉटेल डेल कोरोनाडो पाहायला गेले होते. १८८८ साली सुरू झालेल्या या भव्य लाकडी वास्तूचे लाल शंकूच्या आकाराचे छप्पर आणि दिवाणखान्यातील पिंजऱ्यासारखी जुनी लिफ्ट पाहून कोकणातल्या लाकडी माडीच्या घरात वाढलेली आई हरखून गेली. तिथल्या एका कर्मचारी ताईंनी तिला आपणहून खुर्ची आणून दिली आणि कठड्यावरून हात फिरवणाऱ्या आईला जराही घाई केली नाही, याबद्दल त्यांचे प्रथम आभार मानते.

नंतर किनाऱ्यावर फिरताना आईचे श्रवणयंत्र वाळूत पडले. या वाळूत अभ्रकाचे कण असल्यामुळे ती उन्हात सोनेरी चमकते; एरवी मन मोहवणारी तीच चमक त्या वेळी मात्र शोधणाऱ्याची नजर फसवत होती. अशा वेळी शेजारी बसलेले एक वयस्कर दांपत्य, किल्ला बांधणारी दोन मुले आणि एक जीवरक्षक, कोणीही न बोलावता, आमच्यासोबत गुडघ्यांवर बसून जवळजवळ पाऊण तास वाळू चाळत राहिले. अखेर धाकट्या मुलीच्या प्लास्टिकच्या चाळणीत ते शेंगदाण्याएवढे यंत्र सापडले. आईने तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली, तेव्हा त्या मुलीला अर्थ कळला नसेल, पण ती खुदकन हसली.

आपणा सर्वांची नावे विचारायची राहून गेली. यंत्र व्यवस्थित चालू आहे, आणि त्या संध्याकाळी आईने लाटांचा आवाज पोटभर ऐकला.