शिडाच्या नौकेचे इंजिन हाताच्या टप्प्यात आणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबई बंदरातल्या शिडाच्या नौका पावसाळ्यासाठी वर काढल्या की तळाला रंग लागतो, शिडे दुरुस्त होतात. इंजिनाकडे मात्र ऑईल बदलण्यापलीकडे कोणी बघत नाही, कारण तिथे हात शिरायलाच जागा नसते. दोन-तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन जिन्याखालच्या खोक्यात कोंबलेले असते. संध्याकाळी वारा पडला आणि ओहोटीने ओढून मोठ्या जहाजांच्या वाटेत नेले, की सगळी भिस्त त्याच इंजिनावर. म्हणून या महिन्यांत त्याची देखभाल सोपी करून घ्यावी, अशी नौकामालकांना कळकळीची विनंती आहे.

समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, वर्षातून एकदा बदलायचा असतो. समुद्राचे पाणी आत घेणारा कॉक उघडायचा राहिला तर इम्पेलर बघता बघता कोरडा घासून फाटतो. चार महिने एकाच जागी दबून राहिला तर त्याची पाती वाकलेलीच राहतात. त्यामुळे पावसाळ्यात तो काढूनच ठेवावा. काम खरे तर दहा मिनिटांचे. पण झाकणाचे बारीक स्क्रू आरशात बघून काढावे लागतात, त्यातला एखादा बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या तळाच्या खोलगट भागात, पडतोच. त्याऐवजी बोटांनी फिरवता येणारे मोठ्या डोक्याचे स्टेनलेस स्क्रू लावावेत. काही इंजिनांत झाकणाचे तोंड ब्लॉककडे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाकडे, असते आणि अख्खा पंप उतरवावा लागतो. तिथे खोक्याच्या भिंतीला पंपासमोर दोन्ही हात जातील एवढी झडप करावी. ती भिंत नौकेचा भार पेलणारी नाही ना, हे आधी बांधणाऱ्याला विचारावे. नवा इम्पेलर ग्लिसरीन लावून बसवावा, ग्रीस लावू नये. जुन्याचे पाते तुटले असेल तर तुकडा सापडल्याशिवाय झाकण लावू नका. तो हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे समुद्राच्या पाण्याने इंजिन गार करणाऱ्या भागाच्या, तोंडाशी अडकतो आणि इम्पेलर नवा असूनही इंजिन तापत राहते.

डिझेलचे दुखणे याहून चिवट. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेतली वाफ गार होऊन पाणी साठते, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतूंचा चिकट गाळ वाढतो, आणि समुद्र खवळला की तो ढवळून फिल्टरात येतो. टाकी पावसाळ्याआधी जवळजवळ पूर्ण भरावी. पाणी वेगळे करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर खोक्याबाहेर, खाली डबा धरता येईल एवढ्या उंचीवर बसवावा. जागा असेल तर असे दोन फिल्टर समांतर जोडून मध्ये कॉक द्यावा. एक चोंदला तर इंजिन बंद न करता दुसऱ्यावर जाता येते.

फिल्टर बदलला की लाईनमध्ये एअर शिरते. ती काढायची हातपंपाची दांडी इंजिनाच्या कुशीत दडलेली असते, आणि तो पंप चालवणारा इंजिनातला उंचवटा, म्हणजे कॅम, वर आलेला असेल तर नुसतीच हलते. मग क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, एक फेरा फिरवावा लागतो. लाईनमध्ये छोटा इलेक्ट्रिक डिझेल पंप घालून स्विच फिल्टरजवळ दिला की हे एकट्याचे काम होते. आधी बाहेरच्या फिल्टरचा स्क्रू सैल करायचा, मग इंजिनावरच्या फिल्टरचा, मग सिलिंडरकडे डिझेल ढकलणाऱ्या इंजेक्शन पंपाचा. प्रत्येक ठिकाणी बुडबुडे थांबले की घट्ट. तरीही इंजिन पेटत नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरला जोडलेल्या नळ्यांचे नट किंचित सैल करून स्टार्टर मारावा.

इथेच चांगली इंजिने कायमची बाद होतात. बराच वेळ स्टार्टर मारला की पंप समुद्राचे पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो. सायलेन्सर भरला की पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरते. अशा वेळी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवावा आणि इंजिन पेटताच उघडावा. त्यासाठी कॉकची दांडी जिन्यापाशी बसल्या जागी हाताला लागली पाहिजे.

ऑईलचा ड्रेन प्लग तळाशी असतो, तिथे पाना जात नाही. त्या जागी तेल आणि उष्णता सोसणारा होज जोडून, शेवटाला घट्ट बूच लावून तो पुढे आणावा. इंजिन पाच मिनिटे चालवून ऑईल गरम असतानाच काढावे. पाण्याच्या गाळणीचे झाकण मात्र पाण्याच्या पातळीच्या वर हवे. बंदरातल्या प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या की ते भर पाण्यात उघडावे लागते.

गोव्यात दिवार बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा नौका इथे बांधता येत असतील, तर इंजिनाचे खोके आखतानाच फिटरचे मत घेणे कठीण नाही. नवी नौका ताब्यात घेताना मालकानेही बांधणाऱ्यासमोर, नौकेवरच्याच पान्यांनी, इम्पेलर काढून परत बसवून बघावा. पंधरा मिनिटांत जमले नाही तर खोके बदलून मागावे.

आपले,
शिडाच्या नौकांच्या इंजिनांवर काम करणारे काही फिटर, मुंबई